दाजींचा लोड

इंग्रजी बोलायला एकच शब्द पुरतो, हे जगात कुणी करून दाखवलं असेल तर ते आमच्या दाजींनी. शब्दकोशवाल्यांनी उगाच जाडजूड ग्रंथ छापले. दाजींनी त्या सगळ्या ढिगातून 'लोड' हा एकच शब्द उचलला, झटकून घेतला आणि त्याच्यावर संसार, ट्रॅक्टर, शेती, भाऊबंदकी, देवधर्म सगळं चालवून दाखवलं. मी शिकलेली बाई आहे. आमच्या ईटच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा मी आणला, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. पण तीन वर्षं रसायनशास्त्र इंग्रजीतून घोकूनही मला जेवढं इंग्रजी वापरता येत नाही, तेवढं दाजी एका शब्दात वापरतात. ह्याच शब्दापायी एका दुपारी माझं जमत आलेलं लग्न आणि हातातली नोकरी दोन्ही टांगणीला लागली होती. ती दुपार मला सांगायचीच आहे, पण दाजी कळल्याशिवाय ती कळायची नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. ढोकीपासून जवळच एका वाडीत त्यांचं घर, थोडं रान आणि ऊस ओढायचा ट्रॅक्टर. ईटहून धाराशिवच्या कॉलेजला रोज जाणं-येणं होत नव्हतं, म्हणून वडिलांनी मला ताईकडं ठेवलं. पहिल्याच संध्याकाळी दाजी रानातून आले, हातपाय धुतले, माझ्या पुस्तकांच्या पिशवीकडं बघितलं, ती एका हातानं उचलून अंदाज घेतला आणि म्हणाले, "बीएस्सी, लोड लई दिलाय की गं तुला." तेव्हापासून माझं नाव बीएस्सी. मला वाटलं, पिशवीच्या वजनाबद्दल बोलतात. जेवताना त्यांनी ताईला सांगितलं, "आज डीपीवर लोड आला, मोटार उचलंना." भात वाढायला घेतला तर ताटावर हात आडवा धरून म्हणाले, "बास, आता लोड व्हईल." हात धुऊन येताना शेजारच्या घरातून भांडणाचा आवाज आला, तेव्हा कान देऊन म्हणाले, "त्यो लोडमधी आलाय वाटतं आज." म्हणजे शेजारी दारू पिऊन आला होता. आणि झोपायच्या आधी मी घरच्या आठवणीनं मुळूमुळू रडत होते, तर दारातूनच आवाज आला, "बीएस्सी, लोड घेऊ नको. आमी हाय." एकाच संध्याकाळी पाच अर्थ. आमच्या इंग्रजीच्या सरांना एका तासात तेवढे जमले नसते.

पुढं माझा कान तयार झाला. ऊस कारखान्यावर टाकून आले की "लोड उतरला". मोबाईलवर व्हिडिओ लवकर लागला नाही, मधे ते गोल गोल फिरायला लागलं, की "थांब, लोड घ्यायलाय ते". अशा वेळी दाजी फोन उशीवर पालथा ठेवायचे आणि म्हणायचे, जरा दम खाऊ द्या त्याला, ओझं उचलायलाय. कुणी सारखं आपलंच घोडं दामटत असलं की "लोड माणूस हाय". गावात येऊन भाषण ठोकून गेलेला पुढारी "बिनलोडाचा". नवस बोलला की "देवावर लोड टाकलाय". एकदा गल्लीतले एक म्हातारे फार दिवस अंथरुणात खितपत पडून गेले. दाजी माणसात जाऊन बसले, म्हातारीकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "मावशे, त्येंचा लोड उतरला." तिथं कुणालाही हसू आलं नाही. म्हातारीनं पदरानं डोळे पुसत मान हलवली. त्या दिवशी मला कळलं की हा माणूस शब्द वापरत नाही, शब्दाला कामाला लावतो.

आता एकच शब्द इतक्या कामांना लावला की कधीतरी घोटाळा होणारच. दाजींची म्हैस गाभण होती. गाभण हा शब्द दाजींना बायकांसमोर उच्चारायला अवघड वाटायचा, म्हणून म्हैस "लोडमधी" होती. एका सकाळी ती अडली. दाजींनी घाईघाईनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. हे डॉक्टर नव्यानंच बदलून आलेले होते. दाजी म्हणाले, "सायेब, म्हस लोडमधी हाय, आन् लोड काय उतरंना. मस जोर लावायलीय बिचारी." डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ झाला? "पहाटंपसनं." डॉक्टर म्हणाले, हलवू नका, मी आलोच. आणि ते आले ते बरोबर चार माणसं, दोन दोरखंड आणि गाडीचा जॅक घेऊन. त्यांना वाटलं, म्हैस उसाच्या भरल्या ट्रॉलीखाली सापडली. गोठ्यात येऊन बघतात तर ट्रॉली नाही, ऊस नाही, म्हैस आपली कण्हत उभी. डॉक्टर म्हणाले, "लोड कुठाय?" दाजींनी लाजून म्हशीच्या पोटाकडं बोट केलं. डॉक्टर भला माणूस, आधी त्यांनी म्हैस सोडवली, मग रेडकाला पुसता पुसता ते हसायला लागले ते चहा होईपर्यंत हसत होते. जाताना म्हणाले, "दुसऱ्यांदा फोन कराल तेव्हा जॅक आणायचा का नाही तेवढं सांगत जा."

ताईचं आणि ह्या शब्दाचं वैर जुनं. एका बारशात दाजी चारचौघांत बोलून गेले की आमच्या मंडळीचा लोड मीच वढू जाणे. ताई बायकांत बसली होती, तिथूनच म्हणाली, "मी लोड व्हय? घरी चला, मग बगते कोन कुनाला वढतंय." दाजी जागच्या जागी वळले आणि म्हणाले, "आगं तू इंजन हायस. लोड तर म्या हाय. मागं ट्रालीसारका चाललोय निसता." बायका हसल्या, ताईसुद्धा हसली, पण घरी आल्यावर तिनं दोन दिवस त्यांच्या वरणात मीठ कमी घातलं. विचारलं तर म्हणे, मिठाचा लोड नको म्हणून.

आणि दुसऱ्याला "लोड घेऊ नको" म्हणणारा हा माणूस स्वतः किती लोड घ्यायचा ते मी बघितलंय. माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला मला सोडायला ते मोटारसायकलवर आले. कॉलेजच्या गेटावर म्हणाले, "बिनघोर लिही. लोड घेऊ नको." मी आत गेले. पेपर सुटल्यावर बाहेर येऊन बघते तर दाजी तिथंच. ऊन डोक्यावर, रुमाल घामानं चिंब, आणि वॉचमन त्यांना पाणी पाजतोय. वॉचमन मला म्हणाला, "बाई, हे तुमचे का? अहो, हे मला सारखे इचारायलेत, आत आवाज का येईना, पोरी लिहायल्या का न्हाय." दाजींना त्या रात्री ताप भरला. पेपर माझा होता, ताप त्यांना आला.

निकाल लागला, मी पास झाले, आणि धाराशिवात माती-पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. शेतकरी पिशवीत माती घेऊन यायचे आणि माझ्यासमोर ठेवून "मॅडम, बगा बरं" म्हणायचे. त्या "मॅडम"ची मला काय चढायची म्हणून सांगू. माझ्या आईनं आयुष्यभर तीच माती उपसली होती. असं सगळं छान चाललेलं असताना तुळजापूरकडचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता. आम्ही दोनदा फोनवर बोललो होतो आणि दुसऱ्या वेळी फोन ठेवायला दोघांनाही जड गेलं होतं. पण मध्यस्थ सांगत होता की मुलाच्या वडिलांचं नोकरीला मन घेत नाही. तुळजापूर ते धाराशिव रोज एसटीनं जाणार, घरचं कधी बघणार, असं त्यांचं म्हणणं. मला मुलगाही हवा होता आणि नोकरीही. आणि बैठकीत आमच्या बाजूनं बोलणार कोण, तर दाजी. माझे वडील पाहुण्यांसमोर "व्हय" सोडून दुसरं काही बोलत नाहीत. शेतात बैलांशी बोलतील तेवढंच.

मुलाचे वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, बोलणं अगदी इस्त्री केलेलं. त्यांच्यापुढं दाजी म्हणणार, पोरीचा लोड आमच्यावर हाय. म्हणजे काय समजायचं त्यांनी? मला आदल्या दिवसापासून चैन पडेना. शेवटी मी दाजींना गाठलं.

"दाजी, एक ऐकाल का? उद्या तेवढं लोड म्हणू नका."

"का गं?"

"त्यांना वाटेल, मी तुम्हाला जड झालेय."

दाजींचं तोंड उतरलं. म्हणाले, "एकदाबी न्हाय?"

"एकदाही नाही."

"बरं," ते म्हणाले. "तुझ्यासाटी एक दिवस उपास."

पाहुणे आले. ताईनं बैठकीत गादी घातली, पांढऱ्याशुभ्र चादरी, भिंतीला टेकायला मंडपवाल्याकडून आणलेले लोड-तक्के. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची एक आत्या; समोर दाजी, माझे वडील आणि दाराशी मी. आत्याबाई थोराड, पाठीनं दुखऱ्या, तोंडानं तिखट. वडिलांनी नमस्कार-चमत्कार झाल्यावर दाजींना विचारलं, "काय म्हणतो यंदाचा हंगाम?" दाजींनी तोंड उघडलं. मिटलं. त्यांच्या डोळ्यांपुढून शब्द जाताना मला दिसत होता. शेवटी म्हणाले, "हाय." पाहुण्यांनी विचारलं, विजेची काय परिस्थिती? "येती." मग म्हणाले, बाकी तब्येत वगैरे? "जाती." असं बोलणं चाललं. माणसाचा एक पाय काढून घ्यावा आणि चाल म्हणावं, तसं माझ्या दाजींचं झालं होतं. कपाळाला घाम, हात मांडीखाली दाबलेले. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. आतून चहा घेऊन आलेल्या ताईनं माझ्या कानात विचारलं, "ह्येंना काय झालं? पोटात दुकायलं का?"

आणि नेमका तेव्हाच मुलाच्या वडिलांनी विषय काढला. फार गोड बोलून काढला. "मुलगी आम्हाला पसंत आहे. राहता राहिली नोकरी. आता रोजचं येणं-जाणं, बसच्या वेळा, तिचीच दगदग. आमच्याकडं काही कमी नाही. सोडली तरी आमची हरकत नाही." माझे वडील म्हणाले, "व्हय." मी दाजींकडं बघितलं. आता बोला, दाजी. दाजी पुढं सरकले, पण शब्द बाहेर येईना. त्यांना जे सांगायचं होतं त्याला त्यांच्याकडं दुसरा शब्दच नव्हता, आणि तो एक शब्द मी काढून घेतला होता. मुलगा मान खाली घालून चादरीचं टोक चुरगाळत होता. पाहुण्यांना वाटलं, ह्यांना मान्य आहे. ते सुपारी घ्यायला वळले. माझी नोकरी त्या सुपारीच्या तबकात चालली होती.

तेवढ्यात आत्याबाई कमरेला हात लावून म्हणाल्या, "अवो दाजी, त्यो तुमच्या मागचा लोड द्या की जरा हिकडं. पाठीला कळ लागलीय माज्या."

दाजी दगडासारखे झाले.  लोड त्यांच्या मागं होता, हात लावायचा आणि द्यायचा, एवढंच. पण दाजींनी आधी लोडाकडं बघितलं, मग आत्याबाईंकडं, आणि मग सगळ्या पाहुण्यांच्या देखत माझ्याकडं वळून विचारलं, "देऊ का गं?"

"द्या, दाजी," मी म्हणाले.

दाजींनी तो लोड दोन्ही हातांनी उचलला, देवाची पालखी न्यावी तसा नेला, आत्याबाईंच्या पाठीशी लावला आणि तिथंच मांडी घालून बसले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, डीपीवरची लाईट ह्यांच्याच तोंडावर आली. "पावनं," ते म्हणाले, "इषय तुमच्याच घरातून निघाला म्हनून बोलतो. लोड तुमच्याकडंबी हाय, आमच्याकडंबी हाय. म्या ट्रॅक्टरवाला मानूस. माझं एक ऐका. ट्राली रिकामी पळवली की ती रस्ता धरत न्हाय. टनाटना उड्या मारती, खीळ निसटती, मागच्याला लागती. आन् लोड टाकला की चाक कसं भुईला धरून चालतंय. ही आमची मेवनी तसली हाय. म्या बगितलंय तिला. सकाळी तिच्या ताईच्या हाताखाली भाकरी, मग यष्टी, मग कालेज, सांच्याला आभ्यास, सुट्टीला रानात. लोड हाय तवर ही सरळ चालती. तुमी तिची नोकरी काडली, तर तिचा लोड उतरंल, पर मग ती तुमच्या घरात उड्या मारंल. मला सांगू नका मग. म्या काडू नका म्हनतोय. आजून टाका पायजे तर."

 मी खाली बघत होते. मग आत्याबाई लोडाला पाठ घासत भावाला म्हणाल्या, "ऐकलं का? राहू दे पोरीची नोकरी. आपल्या घरात उड्या मारनारे आधीच बक्कळ हायत." मुलाचे वडील पहिल्यांदा मोकळं हसले. मुलगा मान वर करून म्हणाला, "मी स्टँडवर सोडत जाईन रोज." आणि माझे वडील, ज्यांना वाटलं की आपण आता काहीतरी बोललं पाहिजे, ते म्हणाले, "व्हय."

पाहुणे गेल्यावर दाजी माझ्यावर उखडले. म्हणाले, तू मला फसवलंस, त्यांच्याही तोंडात लोड असतो हे तू आधी का सांगितलं नाहीस. मी त्यांना समजावलं की टेकायचा लोड वेगळा, तो आपला मराठी; तुमचा लोड वेगळा, तो इंग्रजी. दाजींना ते अजिबात पटलं नाही. त्यांचं म्हणणं, शब्द आपलाच आहे. इंग्रज आले तेव्हा आपले पाटील लोडाला टेकून बसलेले त्यांनी बघितले, त्यांना वाटलं, भार टाकायच्या वस्तूला हे लोक लोड म्हणतात, आणि बोटीत घालून शब्द घेऊन गेले. "बीएस्सी झालीस, पर हे तुला कुनी शिकिवलं न्हाय," ते म्हणाले.  

लग्न झालं. आता मी तुळजापूरला असते, रोज धाराशिवला जाते, मालक स्टँडवर सोडतात. सासर चांगलं आहे. सासरे वीज गेली की "वीज गेली" म्हणतात, काळजी वाटली की "काळजी वाटते" म्हणतात. सगळ्याला ज्याचा त्याचा शब्द आहे. सुरुवातीला मला त्या घरात बोलणं पातळ लागायचं.

मागच्या महिन्यात दाजी पहिल्यांदा माझ्या सासरी आले. धुतलेला सदरा, टोपी, हातात केळी. मी सकाळपासून सासूबाईंना सांगत होते, आता बघा, कशी गंमत येते ते. सासरेही वाट बघत होते. दाजी खुर्चीच्या कडेवर बसले. सासऱ्यांनी मुद्दाम विचारलं, "काय दाजी, लोड काय म्हणतो?" दाजींनी हात जोडले. म्हणाले, "आपल्या कृपेनं ठीक आहे." हंगामाचं विचारलं, तर म्हणाले, "ऊस बऱ्यापैकी आहे." भात वाढला, तर म्हणाले, "पुरे." ईटच्या नाही, ढोकीच्या नाही, कुठल्याच गावच्या नसलेल्या भाषेत बोलत होते. सासूबाई मला आत म्हणाल्या, "किती मानानं बोलतात गं तुझे दाजी." मी पोळी उलटत राहिले.

निघताना मी फाटकापर्यंत गेले. रस्त्यावर कुणी नव्हतं. मला वाटलं, आता तरी बोलतील. मी म्हणाले, "दाजी, आज असं का बोलायलाव?"

दाजींनी मोटारसायकलची किल्ली लावली, टोपी नीट केली आणि माझ्या पायांकडं बघत म्हणाले, "लेकीबाळीच्या सासरी मानूस सांभाळून बोलतंय."

"मी तुमची बीएस्सीच हाय, दाजी."

"व्हय," ते म्हणाले. मग चुलत्याच्या वयाच्या परक्या माणसानं विचारावं तसं विचारलं, "बऱ्या हायसा न्हवं तुमी?"

आजवर त्यांनी मला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. मी बरी आहे म्हणाले. त्यांनी गाडीला किक मारली, ती चालू झाली नाही, दुसऱ्यांदा मारली, झाली. वळणापर्यंत ते मागं न बघता गेले. मी फाटकाची कडी लावली, पुन्हा काढली आणि तशीच उभी राहिले.